शिवणवाल्या बाईंकडचं पुस्तक

सकाळी कपाट उघडलं तेव्हा नोंदवह्यांचा कप्पा रिकामा होता. एकतीस वह्या होत्या, दर वर्षाची एक. आता त्यांच्या जागी धुळीत फिकट पट्टे तेवढे उरले होते. कपाट चुकलं असेल म्हणून मी शेजारचं उघडलं, मग पुन्हा तेच उघडलं. खोलीला कुलूप लावलं की नाही हे पाहायला मी तीनतीनदा जिना चढतो. माझा माझ्या डोळ्यांवरही फारसा भरवसा नाही. पण कप्पा रिकामाच होता, आणि मी घाबरलो. चोरीची भीती नव्हती ती. असल्या वह्या कोण चोरणार? कोणीतरी त्या वाचेल, ही भीती होती.

"काका, शोधताय का?" दारातून आवाज आला. धाकटे साहेब होते. मोठे साहेब जाऊन पाच महिने झाले होते आणि या पाच महिन्यांत, किंवा खरं म्हणजे त्याआधीच्या एकतीस वर्षांतही, त्यांना या ग्रंथालयाचा जिना चढताना मी पाहिलं नव्हतं. शिक्षण बाहेर, धंदा बाहेर. या घरात ते पाहुण्यासारखे येत आणि पाहुण्यासारखे जात. आज मात्र ते आत आले, खिडकीशेजारच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "वह्या मी नेल्यात हो. काल संध्याकाळी सहज एक चाळायला घेतली आणि जेवायचं विसरलो. कसली माणसं यायची इथे! तो घड्याळजी काय भांडतो त्या शाळामास्तराशी! बाबांनी एवढं काम करून ठेवलं आणि आम्हाला पत्ताच नाही."

"हो," मी म्हणालो. बस, एवढंच. माझं हे असंच होतं. जे बोलायचं ते मागाहून जिन्यात सुचतं.

त्यांनी समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. वारसा कराचा कायदा झाला होता, हे मला ठाऊकच होतं. माणूस गेला की त्याच्या मालमत्तेतला ठरावीक मर्यादेवरचा मोठा हिस्सा सरकारजमा करायचा, तोही वर्षाच्या आत. पण वकिलांनी एक कलम काढलं होतं. मालमत्तेचा जो भाग सलग दहा वर्षं लोकांच्या खुल्या वापरात असेल आणि तसा लेखी पुरावा असेल, त्यावर कर नाही. ग्रंथालय बंगल्याच्या पश्चिमेच्या अख्ख्या भागात. ग्रंथालयात यायचं तर बाग ओलांडून यावं लागतं, म्हणजे बागही वापरात. बागेला लागून फाटकापर्यंतचा रस्ता, म्हणजे तोही. "थोडक्यात, निम्मं घर वाचतं," ते म्हणाले, "तुमच्या वह्यांमुळे. परवा मूल्यांकन अधिकारी येणार आहेत. तुम्ही फक्त एका कागदावर सही करायची. नोंदी खऱ्या आहेत, एवढाच मजकूर." मग जरा थांबून, खुर्चीच्या लाकडावर बोट फिरवत म्हणाले, "नाहीतर काका, मागच्या खोल्यांची जागा आधी विकायला काढावी लागेल. तिलाच गिऱ्हाईक आहे. मला ते मुळीच नकोय."

मागच्या खोल्या म्हणजे अंगणापलीकडच्या सहा. वरच्या तिनांतल्या एकीत मी राहतो. माझ्या बरोबर खाली ड्रायव्हर आणि त्याची बायको. ती चार वर्षं अंथरुणाला खिळून आहे. तिचा खोकला माझ्या फरशीतून वर येतो आणि मी पुस्तक वाचताना नकळत त्या खोकल्यावर पान उलटतो. एखाद्या दिवशी ती खोकली नाही की मला वाचवत नाही.

त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, की हे खरं आहे ना? विचारलं असतं तर मी काय बोललो असतो कोण जाणे. कदाचित त्यांनीही म्हणूनच विचारलं नसेल. ते गेल्यावर मी टेबलाशी बसलो आणि माझ्या तीन टाकांकडे पाहत राहिलो. काळ्या शाईचा, निळ्या शाईचा आणि तिसरा, जाड निबाचा, जो मी डाव्या हातानं धरत असे. घड्याळजी डाव्या हातानं लिहीत असे म्हणून.

ग्रंथालय मोठ्या साहेबांनी काढलं ते मनापासूनच. त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी पैसा केला होता आणि त्यांनी पुस्तकं केली. अकरा हजार. माझी नेमणूक झाली त्या दिवशी मला समोर बसवून म्हणाले, "हे सगळ्यांसाठी आहे. कोणीही यावं. आणि हे पाहा, नाव विचारायचं नाही. नाव विचारलं की माणूस बिचकतो. धंदा लिहायचा, पुस्तक लिहायचं, नेलं, परत, आणि वाटलं तर शेरा." मला तो नियम फार आवडला. मलाही कोणी नाव विचारलं की बिचकायला होतं. मी वही आखली, टाक धुतले, आणि वाट पाहत बसलो. पण ग्रंथालयाच्या आधी जिना होता, जिन्याच्या आधी आरशासारखी घासलेली फरशी, तिच्या आधी बाग, बागेच्या आधी फाटक आणि फाटकात वर्दीतला पहारेकरी. तो कोणाला अडवत नसे. नुसता उभा असे. पुरेसं होतं तेवढं.

पहिल्या महिन्याच्या अखेरीस एक बाई आल्या. मी याच खिडकीत होतो. चाळिशीच्या असतील, अंगानं सडपातळ, आणि गळ्यात माप घ्यायची फीत तशीच राहिलेली. काम टाकून आल्या असाव्यात आणि फीत काढायची विसरल्या असाव्यात. त्यांनी पहारेकऱ्याला काहीतरी विचारलं, त्यानं हातानं दाखवलं, आणि त्या बागेतून चालत आल्या, अगदी कडेकडेनं, कोणाच्या तरी पायवाटेवर आपण पाय देतोय अशा. पायरीशी थांबल्या. आतल्या फरशीकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे. रस्ता उकरलेला होता त्या दिवसांत, पायांना लाल माती होती. मग त्यांनी मान वर करून खिडकीकडे पाहिलं, आणि मी मागे सरलो. का सरलो? एवढंच म्हणायचं होतं, या, तशाच या. तीन शब्द. मी पडद्याआड उभा राहून मनात त्यांची जुळवाजुळव करत होतो, 'या' आधी म्हणावं की 'नमस्कार' आधी, आणि पुन्हा डोकावलो तेव्हा त्या फाटकापाशी पोचल्या होत्या. पाठमोऱ्या. फितीचं टोक मागे लोंबत होतं.

त्याच संध्याकाळी मोठ्या साहेबांनी विचारलं, "काय, आज कोणी आलं?" एवढ्या आशेनं विचारलं, की मी म्हणालो, "एक बाई येऊन गेल्या, साहेब. शिवणकाम करतात." यात खोटं काहीच नव्हतं. "काय नेलं त्यांनी?" त्यांनी विचारलं. आणि मी एका पुस्तकाचं नाव सांगितलं.

एकदा पुस्तक नेलं की ते परत आणावं लागतं. परत आणलं की दुसरं न्यावं लागतं. मी शपथेवर सांगतो, माझा फसवायचा इरादा नव्हता. नोकरीची काळजी होती, नाही म्हणत नाही. कोणी येत नाही हे कळलं तर मला कशाला ठेवतील? पण तेवढंच असतं तर एक वाचक पुरला असता. घड्याळजीची काय गरज होती? किंवा त्या रिटायर शाळामास्तराची, जो प्रत्येक पुस्तकातल्या चुका काढायचा? नर्स, विमा एजंट, लिफ्ट चालवणारा, ज्याला फक्त समुद्रप्रवासाची पुस्तकं हवी असायची? दुपारी दोन ते पाच या खोलीत इतकी शांतता असायची, की मला माझ्या गिळण्याचा आवाज यायचा. त्या शांततेत ती माणसं एकेक करून जिना चढून आली. घड्याळजी पुस्तकं नेहमी उशिरा आणायचा. मोठे साहेब रविवारी वही मागवून घेत आणि शेरे वाचून मोठ्यानं हसत. "याला एकदा माझ्याकडे पाठव," एकदा म्हणाले, "हे भिंतीवरचं घड्याळ मागे पडतं." मी ते घड्याळ पिशवीत घालून बाजारातून दुरुस्त करून आणलं आणि सांगितलं, घड्याळजी येऊन नीट करून गेला. शेवटच्या आजारात, बोलणं जड झालं होतं तेव्हा, मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "दिलं का रे त्यानं पुस्तक परत?" आणि माझ्याकडे असं पाहिलं, की आजही मला ठरवता येत नाही त्यांना ठाऊक होतं की नव्हतं. ठाऊक असलं तर एकतीस वर्षं आम्ही दोघं मिळून कोणाला फसवत होतो?

आणि गंमत अशी, की हा कर मला हवा होता. वर्तमानपत्रात त्यावर वादावादी चालली होती तेव्हा केशकर्तनालयात सगळे बोलत होते आणि मीही, मानेभोवती फडकं असताना, म्हणालो, "योग्यच आहे." न्हावी कात्री थांबवून आरशातून माझ्याकडे पाहत राहिला. "मास्तर, त्यांच्याच घरात राहता आणि हे बोलता?" सगळे हसले. "पुढच्या वेळी मिशी ठेवून या, ओळखायचे नाहीत." माझे कान तापले. मला सांगायचं होतं, पण ते दुकानात कसं सांगणार, की माझी ताई सरकारी दवाखान्यात दोन खाटांच्या मधल्या फरशीवर गेली. खाट नव्हती. ताई सदऱ्यांची काजं करायची, घरी बसून, शेकड्यावर, आणि त्यावर मी शिकलो. तिची स्वतःची शाळा चौथीत सुटली. ती गेली त्याच महिन्यात इथल्या कपाटांना नव्या काचा बसत होत्या, पुस्तकांना दमट हवा लागू नये म्हणून. मी सुतकातून परत आलो तेव्हा कारागीर काचा पुसत होते आणि मी त्यांना सांगत होतो, इथे डाग राहिलाय, इथे. पुढे शिवणवाल्या बाई वहीत जे शेरे लिहीत ते हळूहळू ताईच्या तोंडचे होत गेले. 'हिला एवढं रडायला वेळ कधी मिळतो?' असा एक शेरा आहे. मोठे साहेब त्याला सगळ्यांत जास्त हसले होते.

पण वारसा कर घेतला म्हणून खाट येतेच असं कुठे आहे? सरकार त्या पैशाचं काय करील हे मला काय ठाऊक? ठाऊक एवढंच होतं, की खोल्या जातील. मोठ्या घरातून काही जायचं झालं की ते मागच्या बाजूनं जातं. म्हणजे मी सही केली तर निम्मं घर एका खोट्यावर वाचणार, आणि नाही केली तर खालचा खोकला रस्त्यावर. आणि खोलीत मीही राहतोच की. मी ज्याला दया म्हणतोय ती माझीच खाट धरून बसलेली नसेल कशावरून? या विचाराशी आलो की मी उठून एखादं पुस्तक सरळ करत असे, जे सरळच असे.

मधल्या दिवशी फाटकावर 'सार्वजनिक वाचनालय' अशी नवी पाटी लागली आणि रंगारी विटेच्या तुकड्यानं ती घासून जुनी करत होता. ड्रायव्हर गाडी पुसता पुसता ते पाहत होता. मला म्हणाला, "मास्तर, तुमच्या वह्यांना आमची घरं टांगलीत म्हणे."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. ही तर आत पडल्या पडल्या म्हणतेय, मास्तरांच्या हातून चुकीचं अक्षर पडायचं नाही." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "पण मास्तर, एक सांगा. बावीस वर्षं मी इथे आहे. ही माणसं यायची कधी? मी गाडी घेऊन बाहेर असताना?"

"हो," मी म्हणालो, "दुपारची."

"मग असेल," तो म्हणाला आणि काच पुसू लागला, एकच काच, बराच वेळ.

अधिकारी बाई सकाळी अकराला आल्या. मी खिडकीत होतो. रस्ता पुन्हा उकरला होता, या वेळी कसल्याशा नळांसाठी. हातात जाड फाइल, खांद्याला पिशवी, चाळिशी उलटलेली. पायरीशी येऊन त्या थांबल्या. फरशीकडे पाहिलं. मग स्वतःच्या बुटांकडे. त्यांनी मान वर केली, आणि मी मागे सरलो. एकतीस वर्षांनीही मागेच सरलो. पण त्या आत आल्या. त्यांना यायचा हक्क होता, कागद होता हातात. बुटांचे लाल ठसे उमटवत त्या सरळ जिन्यापर्यंत चालत आल्या आणि धाकटे साहेब मागून म्हणत राहिले, "असू द्या, असू द्या, पुसून घेतील."

वह्या टेबलावर रचून ठेवल्या होत्या आणि शेजारी तो कागद, खाली माझ्या सहीसाठी रेघ मारलेला. बाई खुर्ची ओढून बसल्या. चहा आला तो तसाच गार झाला. वकील असे वाचत नाहीत. त्या पान पान वाचत होत्या, कधी मागे जाऊन पडताळून. दोनदा हसल्या. मी त्यांच्यासमोर उभा होतो आणि मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मला आनंद होत होता. कोणीतरी शेवटी आलं होतं आणि वाचत होतं. कसला माणूस आहे मी!

"नावं कुठेच नाहीत," त्या म्हणाल्या.

"आमच्या वडिलांचा नियम," धाकटे साहेब म्हणाले. "सांगा ना, काका."

मी नियम सांगितला. बाईंनी मान हलवली. "चांगला नियम आहे. आमच्या कार्यालयाला चालणार नाही, पण चांगला आहे." मग त्यांनी शेवटच्या वह्यांपैकी एक उघडून तिच्यावर बोट ठेवलं. "एक अडचण आहे. छोटी आहे. पुस्तकांची मोजदाद यादीशी जुळते, एक सोडून. दोन खंडांची एक कादंबरी आहे. तिचा दुसरा खंड सात वर्षांपूर्वी शिवणकाम करणाऱ्या बाईंनी नेलाय. परत आल्याची नोंद नाही."

"एका पुस्तकाचं काय एवढं, मॅडम!" धाकटे साहेब हसले. "हरवलं म्हणून लिहा."

"हरवलं असेल तर तसं लिहीन. पण यांनी तसं लिहिलेलं नाही, आणि हे गृहस्थ तर पुस्तकाचा कोपरा दुमडला तरी लिहितात." त्या माझ्याकडे वळल्या. "त्या बाई एरवी आठवड्याच्या आत पुस्तक आणून द्यायच्या. चोवीस वर्षं. मग हेच एक का राहिलं? आजारी पडल्या का? तुम्ही चौकशी केलीत का त्यांची?"

कोणी त्यांच्याबद्दल असं कधीच विचारलं नव्हतं. मला माहीत होतं पुस्तक का राहिलं ते. त्या कादंबरीच्या शेवटाला मी आलो होतो, दहा पानं उरली होती, आणि माझ्या मनात आलं की ही पानं संपली की या बाई पुन्हा येणार नाहीत. कशावरून आलं हे सांगता येत नाही. वय झालं होतं त्यांचं. डोळे गेले असतील, किंवा ताईसारखं काही. म्हणून मी तिथेच थांबलो. रोज संध्याकाळी पुस्तक हातात घ्यायचो आणि पुन्हा ठेवून द्यायचो.

"कुठे राहतात त्या?" बाईंनी टोपण काढून पेन हातात घेतलं. "मी स्वतः जाऊन विचारते. म्हणजे साक्षही होईल आणि पुस्तकाचंही कळेल. तुमच्याच फायद्याचं आहे. एक वाचक दाखवलात तरी माझं काम भागेल."

धाकटे साहेब माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विनवणी होती, आणि त्या चेहऱ्यात मला एकदम मोठे साहेब दिसले, रविवारचे, वहीची वाट पाहणारे. एखादी जागा सांगणं अवघड नव्हतं. शिवणवाल्या बाई वारल्या म्हणून सांगणं तर मुळीच अवघड नव्हतं; त्यांना मी इतकी वर्षं जगवलं होतं, एका वाक्यात मारायला काय लागतं? सही, आणि खोकला जिथल्या तिथे. मी तोंड उघडलं ते खरोखर तेच सांगायला उघडलं.

"पुस्तक माझ्या उशाखाली आहे," मी म्हणालो.

भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालू होतं. "त्या आल्या होत्या," मी म्हणालो, "पण पायरीपर्यंत. तिथून परत गेल्या. मी हाक मारली नाही. पुढचं सगळं मी लिहिलंय. घड्याळजीसुद्धा." आणि मग, काहीच कारण नसताना, "तो डाव्या हातानं लिहायचा."

धाकटे साहेब खिडकीकडे गेले, परत आले. "काका," ते म्हणाले. मग अगदी हळू म्हणाले, "आता मी तरी काय करू, सांगा." आणि निघून गेले. त्यांची पावलं जिन्यावर लाल ठशांवरून उतरत गेली. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बाईंनी सहीचा कागद उचलला, दोनदा घडी घालून फाइलमध्ये ठेवला. "पुस्तक घेऊन या," त्या म्हणाल्या. मी अंगण ओलांडून गेलो. ड्रायव्हर दारात उभा होता. "झालं का, मास्तर?" मी मान हलवली, ती होकारार्थी की नकारार्थी हे मलाच कळलं नाही. उशी उचलली. पुस्तकाचा खोलगट आकार गादीत उमटला होता. परत येताना मी दुसऱ्या जिन्यानं आलो, त्याच्या दारावरून जायला नको म्हणून.

बाईंनी पुस्तक हातात घेतलं, खुणेचा दोरा पाहिला. "संपलं नाही का त्यांचं?"

"दहा पानं राहिलीत."

त्यांनी वहीत 'परत'च्या रकान्यावर पेन टेकवलं आणि उचललं. "मला खालच्या मजल्याची यादी करायचीय. तासभर जाईल. परत आल्यावर तारीख घालते." पुस्तक माझ्यापुढे सरकवून त्या उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "बसा की. खुर्ची वाचकांचीच आहे ना?"

त्या खुर्चीवर मी कधी बसलो नव्हतो. बसलो. दोरा बाजूला केला. अक्षरं दिसत होती पण ओळ धरत नव्हती. तीच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत होतो. ही पुस्तकं आता कुठे जातील, कोणत्या पेट्यांत, आणि तिथे दार कसलं असेल, पायरी असेल का. आणि खोल्यांचं कधी, उद्या की वर्षानं. आणि आजारी माणसाला अंथरुणासकट कसं हलवतात. सवयीनं मी पान उलटायला खोकल्याची वाट पाहत होतो. इथवर तो ऐकू येत नाही.

मान वर केली तर खिडकीतून खालची पायरी दिसली. ड्रायव्हर खाली उभा होता, हातात ते पुसायचं फडकं, आणि मान वर करून थेट या खिडकीकडे पाहत होता. त्यानं मला पाहिलं. माझी पाठ आपोआप खुर्चीत मागे दबली, पडदा हाताशीच होता. काय सांगणार होतो मी त्याला? काय सांगून भागणार होतं? शब्द जुळवत बसलो तर तो जाईल, हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं.

पुस्तक उघडंच पालथं ठेवलं आणि जिना उतरू लागलो.